बावीस वर्षं पूर्ण, प्रोफेशनल फुटबॉलर व्हायचंय. उशीर झालाय का?

डावा_बॅक:
नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. मी मूळचा कोल्हापूरचा, वय २२, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सध्या चाकणला एका कंपनीत शिफ्टमध्ये आहे. लहानपणी पेठेतल्या पोरांत खेळलो, शाळेकडून जिल्ह्यापर्यंत गेलो, तालमीच्या, म्हणजे आमच्या पेठेतल्या क्लबच्या, ज्युनियर टीममध्ये लेफ्ट बॅक (डावीकडचा डिफेंडर) होतो आणि मग बारावी, डिप्लोमा, कॅम्पस असं करत करत मैदान सुटलं ते सुटलंच. आता परत खेळायला लागलोय, पण ते टर्फवर, ऑफिसच्या पोरांबरोबर, फाइव्ह अ साइड. सगळे म्हणतात तू इथं कशाला खेळतोस, वर खेळायला पाहिजेस. आणि खरं सांगू का, डोक्यात दुसरं काहीच येत नाही, मशीनवर उभा असतो तेव्हापण मॅचच चालू असते.

एका अकॅडमीत चौकशी केली, राहून वर्षभराचा प्रो प्रोग्रॅम आहे म्हणाले, क्लबांच्या ट्रायल मिळवून देतो म्हणाले, फी जवळजवळ माझ्या वर्षाच्या पगाराएवढी. वडील म्हणतात हातची नोकरी सोडू नकोस. मी म्हणतो इंग्लंडचा जेमी वार्डी पंचविसाव्या वर्षी लेस्टर क्लबला गेला, मग मला बाविसाव्या वर्षी का नाही? नोकरी सोडून एक वर्ष झोकून द्यावं का? कुणी या वाटेनं गेलं असेल तर स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

मंगळवारपेठी:
भावा, २२ म्हणजे काय म्हातारा झालास काय! त्या चाकणमधनं पहिलं गावाकडं ये. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगचं रजिस्ट्रेशन व्हायच्या आत तुझ्या जुन्या तालमीच्या लोकांना भेट. पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब असली मॅच शाहू स्टेडियमवर लागली की काय माहोल असतो तुला सांगायला नको, तिथं लेफ्ट बॅकला टचलाइनवर उभं राहून पब्लिक काय काय ऐकवतं आणि त्यात डोकं शांत ठेवून बॉल खेळणं ही जी शाळा आहे ती कुठल्या फीच्या अकॅडमीत मिळत नाही. आपल्या गावात दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी, शिवाजी, संध्यामठ, किती टीमा आहेत, चांगल्या डाव्या पायाचा पोरगा कुणालाही हवाच असतो. ती फी भरू नकोस एवढं ऐक माझं.

कूपरेजकर:
धागाकर्त्या, मी मुंबईत एका डिपार्टमेंटच्या टीमकडून बरीच वर्षं खेळलो, आता ग्राउंडवर पोरांना शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रोफेशनल कुणाला म्हणायचं ते बघ. फिफाच्या नियमात ज्याचा क्लबशी लेखी करार आहे आणि खेळायला येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे ज्याला मिळतात तो प्रोफेशनल, बाकी सगळे ॲमॅच्युअर. या हिशोबानं आपल्याकडं ज्यांना लोक मोठे प्लेयर म्हणून ओळखायचे त्यातले कितीतरी जण कागदावर रेल्वेचे, बँकेचे, एअर इंडियाचे, पोलिसांचे कर्मचारी होते. सकाळी प्रॅक्टिस, मग ऑफिस, मॅचच्या दिवशी सुट्टी. त्यावरच घरं चालली, पोरांची शिक्षणं झाली. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली आणि २०१० ला टीमच बंद केली, म्हणजे मोठं नाव पाठीशी असलं तरी काय होऊ शकतं बघ. डिपार्टमेंटचा रस्ता आता खूप अरुंद झालाय पण बंद नाही. फक्त तिथं वयाचं बंधन कडक असतं, रेल्वेच्या खेळाडू भरतीत १८ ते २५, त्यात सूट नाही. शिवाय त्यासाठी ठरावीक पातळीवर खेळल्याचं सर्टिफिकेट लागतं, नुसता चांगला खेळतो म्हणून कुणी घेत नाही. म्हणून तुझ्याकडं वेळ आहे तो तीन वर्षांचा आहे असं धरून चाल.

आता वरपासून खालपर्यंत शिडी कशी आहे, तर आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, त्याखाली आय-लीग (आता तिला इंडियन फुटबॉल लीग म्हणतात), मग आय-लीग २, आय-लीग ३ आणि त्याखाली राज्याच्या आणि जिल्ह्यांच्या लीग. आय-लीग ३ हे २०२३-२४ पासून सुरू झालं आणि तुझ्यासारख्यासाठी ही चांगली गोष्ट झाली कारण खालून वर जायला एक पायरी वाढली. रिलायन्सची डेव्हलपमेंट लीग मुख्यतः २१ खालच्यांसाठी असते, ती तुझ्या हातून गेलीय, त्याचा विचार करत बसू नकोस. तुझी पायरी म्हणजे जिल्हा लीग. पुण्यात आहेस तर पीडीएफएच्या, म्हणजे पुणे जिल्हा फुटबॉल असोसिएशनच्या, लीगमध्ये वेगवेगळ्या डिव्हिजन आहेत, तिथल्या एखाद्या क्लबला जॉइन हो, रजिस्टर हो, पूर्ण सीझन अकरा विरुद्ध अकरा खेळ. टर्फवर तू कितीही भारी असलास तरी त्यावरून मला लेफ्ट बॅक कळत नाही.

का कळत नाही ते सांगतो. ट्रायलला मी उभा असतो तेव्हा बॉल ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं फार वेळ बघत नाही. बॉल उजव्या विंगला असताना डावा बॅक कुठं उभा आहे ते बघतो. आत सरकून स्टॉपरच्या (मधल्या डिफेंडरच्या) जवळ आलाय का, की आपल्या टचलाइनला चिकटून कमरेवर हात ठेवून बघत बसलाय. बॉल यायच्या आधी मान वळवून मागं कोण आहे ते बघितलं का. पहिला टच पुढं जाणारा आहे की बॉल पायाखाली येऊन थांबतो आणि मग हा शोधतो कुणाला द्यायचा. विंगर एकदा चकवून गेला तर पुढच्या वेळी अंतर बदललं का. आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला ओव्हरलॅप करून, म्हणजे विंगरच्या बाहेरून पुढं जाऊन, पळत परत येतोय का चालत येतोय. यातलं काहीच छोट्या टर्फवर दिसत नाही, आणि ते नव्वद मिनिटांच्या मॅचा खेळल्याशिवाय अंगात येतही नाही.

नोकरी सोडू नकोस. हे माझं ठाम मत आहे.

ऱ्हाइनकाठी:
मी जर्मनीत असतो, इथल्या गावच्या क्लबमध्ये सगळ्यात खालच्या लेव्हलला खेळतो म्हणून या धाग्यात लिहावंसं वाटलं. वार्डीचं उदाहरण सगळेच देतात पण त्यातला अर्धा भागच सांगतात. तो लहानपणापासून शेफील्ड वेन्सडेच्या ॲकॅडमीत होता, सोळाव्या वर्षी अंगापिंडानं लहान म्हणून सोडला त्यांनी. मग स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला ३० पौंडांवर खेळला, दिवसा मेडिकल स्प्लिंट बनवायच्या कारखान्यात कामाला. तिथून हॅलिफॅक्स, तिथून फ्लीटवूड, तिथं एका सीझनमध्ये लीगचे ३१ गोल मारले तेव्हा कुठं मे २०१२ मध्ये लेस्टरनं दहा लाख पौंड मोजले. म्हणजे सोळा ते पंचवीस या काळात तो फुटबॉल सोडून बसला नव्हता, दर आठवड्याला मोठ्या माणसांत मार खात खेळत होता.

जर्मनीच्या मिरोस्लाव्ह क्लोजचं तेच. सुतारकामाचं शिक्षण घेतलेला माणूस, विसाव्या वर्षी होम्बुर्गला आला, एकविसाव्या वर्षी कायझर्सलाउटर्नला गेला आणि पुढं वर्ल्ड कपमध्ये १६ गोल. ऐकायला चमत्कार वाटतो, पण वडील फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळलेले, आई पोलंडच्या हँडबॉल टीमची गोलकीपर. इंग्लंडच्या इयान राइटनं क्रिस्टल पॅलेस क्लबशी करार केला तो बावीस पूर्ण व्हायच्या थोडं आधी, पण तोही तोपर्यंत नॉन-लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खालच्या क्लबांत, रविवार-रविवार खेळतच होता. यांचा करार उशिरा झाला, खेळ उशिरा सुरू झाला नाही. तुझ्या बाबतीत मधली पाच-सहा वर्षं गेली आहेत हा फरक आहे आणि तो मान्य करून पुढचं ठरवावं लागेल.

इथं एक गोष्ट मात्र फार चांगली आहे. कुठल्याही गावात क्लब, प्रत्येक क्लबच्या दोन-तीन टीम, चाळिशीचा माणूससुद्धा लीगमध्ये रजिस्टर होऊन खेळतो. त्यामुळं उशिरा उमलणारा पोरगा सिस्टीमच्या बाहेर फेकला जात नाही, कुणाच्या तरी नजरेत राहतो. आपल्याकडं दहावीला पोरगा मैदानातून जातो तो जातोच. माझ्या मते हा तुझा दोष अजिबात नाही, जी पोरं अभ्यास आणि मैदान यातलं एकच निवडा असं ऐकत मोठी झाली त्या सगळ्यांचं हे झालंय.

मंगळवारपेठी:
ऱ्हाइनकाठी, पटलं. आमचा अनिकेत जाधव बघा, कोल्हापूरचाच, पण लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. जी पोरं पेठेतच राहिली त्यात तेवढंच टॅलेंट असलेली होती हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यांना कुणी उचललंच नाही. पण कूपरेजकर सर, नोकरी सोडू नको हे मला पटत नाही. शिफ्ट करून कुणी प्लेयर होतो काय? सकाळी सातला मशीनवर, मग चारला ग्राउंडवर कुठून ताकद येणार? एक वर्ष आईबापाच्या घरात राहून खेळला तर काय बिघडतंय, गावाकडं भाडं नाही, जेवण घरचं.

निशिगंध:
मी खेळाडू नाही, खेळाडूची आई आहे. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा, गोलकीपर. त्या फीबद्दल मला लिहायचंय कारण आम्ही यातून गेलोय. व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता, मोठ्या क्लबची ट्रायल म्हणून, रजिस्ट्रेशनचे पैसे भरून घेतले. ग्राउंडवर गेलो तर पोरांची ही गर्दी, नाशिक नगर सोलापूर कुठून कुठून रात्रभर प्रवास करून आलेली, काहींच्या हातात डबे. प्रत्येकाला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळाली, माझ्या मुलाच्या वाट्याला तेवढ्या वेळात गोलवर एक शॉटसुद्धा आला नाही. क्लबचा कुणी माणूस तिथं होता की नाही हेसुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही. नंतर फोन लागेनासा झाला. पैशापेक्षा त्या मुलाचा परतीच्या गाडीतला चेहरा मला जास्त लागला.

बाळा, ज्याला खरोखर खेळाडू हवाय तो खेळाडूकडून पैसे मागत नाही. ट्रायल असेल तर क्लबच्या स्वतःच्या अधिकृत पेजवर बघ, नाहीतर जिल्हा असोसिएशनला फोन करून विचार. आणि वडिलांवर रागावू नकोस. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा सीझनच पुढं ढकलला गेला, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, हे सगळं पेपरात आलं होतं. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या मुलांची ही अवस्था तर आईवडिलांना धाकधूक वाटणारच ना.

फिजिओ_मेधा:
मी स्पोर्ट्स फिजिओ आहे, माझ्याकडं तुझ्यासारखी मुलं दर सीझनला येतात आणि बहुतेक सगळी सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत येतात, म्हणून आधीच सांगते. मोठ्या गॅपनंतर परत खेळायला लागलं की दम लवकर परत येतो, स्नायूही लवकर तयार होतात, पण टेंडन्सना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांना) बराच जास्त वेळ लागतो. मुलाला वाटतं आपण फिट झालो आणि तो फुल स्प्रिंट मारायला जातो आणि मांडीचा मागचा भाग पकडून बसतो. लेफ्ट बॅकला तर पूर्ण मॅच वर-खाली स्प्रिंटच आहेत. मैदानावर उतरायच्या आधी फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्मअप आहे, वीसेक मिनिटांचा, साधनं काही लागत नाहीत, तो नियमानं कर. त्यात नॉर्डिक हॅमस्ट्रिंग आहे, म्हणजे गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानं घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकत जायचं. पहिल्या आठवड्यात पोरं दाणकन तोंडावर आपटतात, महिनाभरानं बऱ्यापैकी खाली जाईपर्यंत स्वतःला धरून ठेवतात. तेच पाहिजे असतं.

टर्फबद्दल कूपरेजकर काकांना पूर्ण अनुमोदन, वर एक माझं. कडक झालेल्या जुन्या टर्फवर चुकीच्या बुटात रोज खेळून गुडघे घालवू नकोस. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, गेलं तर ऑपरेशननंतर परत मैदानात यायला कमीत कमी नऊ महिने धरायचे, आणि तुझ्याकडं जी तीन वर्षं आहेत त्यातलं एक त्यातच जाईल. नाइट शिफ्टच्या दुसऱ्या दिवशी स्पीडवर्क नको, त्या दिवशी झोप हेच ट्रेनिंग. कंपनीत बोलून फर्स्ट शिफ्ट कायम मिळते का बघ, यासाठी नोकरी सोडायची गरज नाही.

म्हापसेकर:
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडं प्रत्येक वाड्याची टीम असते आणि जीएफएच्या, म्हणजे गोवा फुटबॉल असोसिएशनच्या, थर्ड डिव्हिजनपासून वर प्रोफेशनल लीगपर्यंत सगळं सलग आहे. म्हापशाच्या दुलेर स्टेडियमला साध्या लीगच्या मॅचला गेलात तर धेंपो, साळगावकर या मोठ्या क्लबांच्या पोरांसमोर असा एखादा दिसेल जो मधे जहाजावर नोकरीला जाऊन आलाय, काँट्रॅक्ट संपवून परतला की पुन्हा गावच्या टीममध्ये. कुणी त्याला विचारत नाही तुझं वय काय, बॉल खेळतोस ना, मग ये. असं करत करत पंचविशीत वरच्या क्लबात गेलेले मला माहीत आहेत. पण तेही गावच्या टीममुळंच, कुठून तरी एकदम येऊन ट्रायल देऊन नाही. इकडं यायचं ठरवलंस तर आधी मित्रांच्या ओळखीनं एखाद्या सेकंड किंवा थर्ड डिव्हिजनच्या क्लबशी बोलून ये, राहायची सोय त्यांच्याकडून होते का ते पक्कं कर. सीझनमध्ये खोल्यांची भाडी परवडणारी नाहीत.

स्टॉपर_मुलगी:
मी मुंबईची, मुलींच्या लीगमध्ये खेळते. मी फुटबॉलला हात, म्हणजे पाय, लावला तोच कॉलेजात, त्याआधी कबड्डी. मुलींमध्ये वयाचं गणित जरा वेगळं आहे कारण लहानपणापासून खेळलेल्याच कमी, त्यामुळं उशिरा आलेलीला जागा मिळते. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ ला सुरू झाली, त्याच्या आधी आमच्यासाठी वर जायला धड शिडीच नव्हती. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशिया कपचं तिकीट काढलं ती मॅच बघताना मी अक्षरशः रडले. धागा मुलांबद्दल आहे मान्य, पण वाचणाऱ्या मुली असतील तर त्यांनी बावीसला उशीर झाला असं धरून घरी बसू नये म्हणून लिहिलं.

डावा_बॅक, तुला एक विचारते, तू लेफ्ट बॅकच राहणार हे ठरवलंयस का? आमच्या कोचचं म्हणणं असतं की स्टॉपर आणि गोलकीपर वय वाढेल तसे सुधारतात, विंगवरचे वेगावर जगतात. उंची असेल तर स्टॉपर म्हणून पण खेळून बघ.

कूपरेजकर:
स्टॉपर_मुलगी, अगदी योग्य मुद्दा. राहुल भेकेचं उदाहरण घ्या. आपला मुंबईचा मुलगा, डिफेंडर. २०१९ च्या आयएसएल फायनलला बेंगळुरूकडून गोव्याविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये हेडर मारून कप जिंकून दिला, तोही मुंबईतच, आणि त्याच वर्षी जूनमध्ये भारताकडून पहिली मॅच खेळला. वय २८. त्याआधी किती क्लब फिरला, किती वेळा बेंचवर बसला. मी आमच्या पोरांना वार्डी सांगत नाही, भेके सांगतो.

मंगळवारपेठी, तुझा मुद्दा खोटा नाही, शिफ्ट करून खेळणं जीवघेणं आहे. पण घरी बसलेल्या पोरावर दर महिन्याला घरच्यांच्या नजरेचं जे ओझं येतं त्यानं खेळ बिघडतो हे मी फार जवळून बघितलंय. प्रत्येक मॅच शेवटची म्हणून खेळायला लागतो, सोपा पास सोडून अवघड काहीतरी करून दाखवायला जातो. खिशात स्वतःचा पगार असलेला पोरगा शांत खेळतो. एक सीझन नोकरी सांभाळून खेळू दे, कुणी लेखी करार पुढं केला तर त्या दिवशी राजीनामा लिहायला पाच मिनिटं लागतात.

आणि बाजूला आणखी एक काम सुरू कर. एआयएफएफचा, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचा, डी लायसन्स कोचिंग कोर्स कर, किंवा रेफरीची परीक्षा दे. पर्याय म्हणून नाही सांगत. रेफरी म्हणून दहा मॅचा केल्यास की बॅकलाइन कुठं फाटते ते जसं दिसतं तसं खेळताना कधीच दिसत नाही, आणि कोच लोकांशी ओळखी होतात त्या वेगळ्या.

डावा_बॅक:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. निशिगंध काकू, तुमची पोस्ट वडिलांना वाचून दाखवली, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले नोकरी ठेवून खेळणार असशील तर माझी ना नाही. त्या अकॅडमीला नाही कळवलंय. मेधाताई, सुपरवायझरशी बोललो, दोन महिने फर्स्ट शिफ्ट देतो म्हणालेत, पुढचं नंतर बघू म्हणे. ऱ्हाइनकाठी दादा, तुमचं वाक्य जरा लागलं पण खरंय, मधली वर्षं गेलीत.

स्टॉपर_मुलगी, उंची पाच फूट दहा आहे, ज्युनियरला असताना सर अधूनमधून स्टॉपरला खेळवायचे, आवडत नव्हतं तेव्हा. आता खेळून बघेन.

पुण्यातल्या एका क्लबच्या प्रॅक्टिसला गेलो होतो, फर्स्ट डिव्हिजनचा आहे. नव्वद मिनिटं पूर्ण ग्राउंडवर खेळवलं आणि साठनंतर माझ्या बाजूनंच दोन गोल झाले. पण कोच म्हणाले परत ये, रजिस्ट्रेशन उघडलं की कागद घेऊन ये. एक अडचण आहे, ज्युनियरला असताना तालमीनं माझं रजिस्ट्रेशन केलेलं, ते आता आड येईल का? आणि मंगळवारपेठी, कोल्हापूर लीग आणि पुणे लीग दोन्ही खेळता येईल का?

मंगळवारपेठी:
दोन्हीकडं एकाच वेळी नाही जमणार भावा, एकाच क्लबकडं नाव लागतं. पुण्यात चान्स आहे तर पुणे धर, आम्ही मॅच बघायला येतो.

कूपरेजकर:
आधी तालमीच्या सेक्रेटरींना भेट आणि एआयएफएफच्या सीआरएस या खेळाडू नोंदणीच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये तुझं नाव अजून त्यांच्याकडं ॲक्टिव्ह आहे का ते बघायला सांग. असेल तर ऑनलाइन ट्रान्सफर करावी लागेल आणि ती ठरलेल्या विंडोतच होते, म्हणून हे काम आजच काढ. दुसरा नवीन आयडी काढायच्या भानगडीत पडू नकोस, कुणी सुचवलं तरी. जन्माचा दाखला, आधार आणि फोटो यांच्या स्कॅन कॉप्या फोनमध्ये ठेव, दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का बघ, आपल्याकडं वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगवरून फॉर्म हमखास परत येतात. आणि पुढच्या प्रॅक्टिसला ते दोन गोल कसे झाले हे कोचना विचार, तू आत सरकला होतास की बाहेर राहिलास, मग इथं लिही.